पोट नसलेला तंबोरा

गेल्या मे महिन्यात हुबळीला जाऊन आलो. जुन्या हुबळीत सिद्धारूढ मठापासून चालत दहा मिनिटांवर माझ्या मावशीचं घर आहे. मावशीला जाऊन बरीच वर्षं झाली. मावसभाऊ, म्हणजे आमचा अण्णा, आता ते घर विकून विद्यानगरला फ्लॅट घेतोय. सामान आवरायला माणूस हवा होता, आणि सुट्टी शिल्लक असलेला नातेवाईक म्हणजे मी. वास्कोहून गाडीत बसलो. हुबळी स्टेशनवर उतरल्या उतरल्या अण्णाच्या मुलानं पहिली बातमी दिली, "काका, हा जगातला सगळ्यात लांब प्लॅटफॉर्म. १५०७ मीटर!" खरंच आहे, गिनीज बुकात २०२३ साली नोंद झाली. आमचा डबा नेमका लांबच्या टोकाला होता, त्यामुळे विक्रमाची खात्री पायांनी करून घेतली. असो.

हा पोरगा इंजिनिअरिंगला आहे आणि गिटार वाजवतो. घरात दोन गिटारी आहेत, तिसरीची मागणी चालू आहे. अण्णानं साहजिकच विचारलं, "दोन आहेत ना, तिसरी कशाला?" आणि पोरानं आम्हां दोघांना समोर बसवून तासभर शिकवणीच घेतली. खोटं कशाला सांगू, मला ती फार आवडली.

त्याची एक गिटार ड्रेडनॉट. रुंद खांद्यांची, कंबर जवळजवळ नसलेली. हे नाव एका ब्रिटिश युद्धनौकेवरून आलं. मार्टिन कंपनीनं हा आकार १९१६ साली डिट्सन नावाच्या दुकानदारांसाठी पहिल्यांदा केला आणि १९३१ पासून स्वतःच्या नावानं विकायला काढला. खालच्या फुगीर भागाची रुंदी साडेपंधरा इंचांहून थोडी जास्त, पोट खोल. आवाज भरदार, खालच्या तारा घुमतात, गाणाऱ्याच्या मागे साथीला उत्तम. दुसरी गिटार जुन्या पद्धतीची, पार्लर म्हणतात ती. अंगानं लहान. तिचा आवाज मधल्या पट्टीत गोळा होऊन येतो, एकेक तार स्वच्छ कळते, पण खर्ज बेताचा. आता त्याला हवी आहे ओ.एम. हा आकार मार्टिननं १९२९ मध्ये काढला. रुंदी पंधरा इंच, कंबर बारीक, पोट ड्रेडनॉटपेक्षा उथळ, आणि त्यामुळे बोटांनी वाजवताना सगळ्या तारा सारख्या वजनानं बोलतात. "आणि जंबो?" मी आपलं माहिती असल्यासारखं विचारलं. (गोव्यात लहानाचा मोठा झालो, लग्नांतून, फेस्तांतून इतक्या गिटारी पाहिल्यात की एखादा शब्द कानावर राहतोच.) "जंबो सतरा इंच, काका. मोठ्या वर्तुळासारखा तळ. पण मला नको, माझ्या बोटांना नाही झेपत."

म्हणजे पंधरा की साडेपंधरा, एवढ्या अर्ध्या इंचासाठी हा मुलगा सहा महिने पैसे साठवतोय. मला त्याचा अभिमान वाटला. वाद्याच्या पोटाचा आकार हा वाद्याच्या आवाजाचा आकार असतो, हे त्याला कोणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. ते कानानं कळलंय.

दुसऱ्या दिवशी माजघरातल्या खुंटीवरून मावशीचा तंबोरा उतरवला.

मिरजेचा तंबोरा, गवसणीसकट. मावशी गाणं शिकली होती, कार्यक्रम वगैरे केले नाहीत, पण पहाटे तंबोरा घेऊन बसायची. गवसणी काढली तर भोपळ्याला खालून वर एक चीर गेलेली. केसाएवढीच, पण वीतभर लांब. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फ्लॅटमध्ये हा ठेवायचा कुठे? सुतार म्हणतोय, भोपळा कापून आत बल्ब लावला तर हॉलमध्ये झकास दिवा होईल. दांडी भिंतीला लावू." आणि गायचं झालं तर? गायचं झालं तर फडताळात इलेक्ट्रॉनिक तंबोरा आहेच, मावशीच्या शेवटच्या काळात आणलेला. पोरानं तो चालू करून दाखवला. "साउंड सेमच येतो की, काका!"

सेमच! काल अर्ध्या इंचावर तासभर बोलणारा हा मुलगा आज पन्नास इंच घेराच्या भोपळ्याबद्दल म्हणतो, सेमच.

मी त्याच्यावर रागावलो नाही. तो आपल्याकडूनच शिकला. गिटारवाल्यांनी पोराला आकार पाहायला शिकवलं आणि आपण गाणंवाल्यांनी डबा पाहायला शिकवलं. गोव्यातल्या कुठल्याही भजनाच्या बैठकीत, देवळातल्या सप्ताहात, गाण्याच्या क्लासात जाऊन बघा. पेटी आहे, तबला आहे, माइक तर दोनदोन आहेत. आणि कोपऱ्यात तो चौकोनी डबा, लाल दिवा लावून, भुंग्यासारखा. नाहीतर मग मोबाइलच. केसरबाई केरकर केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या, दीनानाथ आणि अभिषेकीबुवा मंगेशीचे, ही नावं आम्ही भाषणात दर मिनिटाला घेतो. त्यांच्या पाठीशी जे दोन तंबोरे असायचे, त्यांची चौकशी कोणी करत नाही.

आता कोणी म्हणेल, सोय नको का? विमानात तंबोरा नेता येत नाही, बसमध्ये फुटतो, पावसाळ्यात उतरतो, लावता येणारी माणसं उरली नाहीत. सगळं कबूल. प्रवासात डबा वापरा, रियाजाला वापरा, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या पोरांनी तर जरूर वापरावा. बेंगळुरात १९७० च्या दशकात ज्यांनी हे यंत्र तयार केलं त्यांनी मोठं काम केलं, माझं त्यांच्याशी भांडण नाही. माझं भांडण 'सेमच' या शब्दाशी आहे.

सेम का नाही, ते बघू. तंबोऱ्याच्या आवाजातली अर्धी जादू जवारीची, हे खरं. घोडीचा माथा सपाट नसतो, त्याला अगदी किंचित उतार असतो. तार छेडली की ती त्या उतारावर घासत लपेटत राहते, आणि खाली सरकवलेला दोरा नेमक्या जागी आला की स्वरातून स्वरांची रांग उठते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांवर निबंध लिहिला तो याच घोडीवर. तार ज्या जागी छेडावी तिथल्या हिशेबानं जे उपस्वर उमटायला नकोत, तेसुद्धा या घोडीमुळे उमटतात, हे त्यांनी दाखवलं. इथवर डबेवाले खूश असतात. कारण उपस्वरांची ही रांग यंत्रात भरता येते, आणि आता तर खऱ्या तंबोऱ्याचा आवाज रेकॉर्ड करूनच भरतात.

पण उरलेला अर्धा भाग पोटाचा. पुरुषाचा षड्ज काळी एक धरला तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ कंपनं करते. बाईचा षड्ज काळी चार धरला तर १०४ च्या आसपास. हवा हलवून हा खालचा स्वर ऐकू आणायचा तर मोठं अंग लागतं. गिटारला तबलीत मोठं भोक असतं, आतली हवा त्यातून आतबाहेर करते, रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी. मिरजेच्या तंबोऱ्याला तसं भोक नसतं. भोपळ्यातली हवा जवळजवळ कोंडलेली असते आणि तबलीखाली ती स्प्रिंगसारखं काम करते. भोपळा मोठा तर ही स्प्रिंग नरम, तबली मोकळी हलते, खालचा स्वर सुटतो. पोट लहान तर स्प्रिंग ताठ, तबली आखडते, आवाज वर चढतो आणि पातळ होतो. ज्यानं घरात लहान आणि मोठा असे दोन स्पीकर शेजारी लावून ऐकलेत, त्याला हे वेगळं समजवायला नको. पुरुषांचा तंबोरा मोठा आणि बायकांचा लहान असतो तो काही नाजूकपणा म्हणून नव्हे, पट्टी वेगळी म्हणून. (दुकानात 'जेंट्स' आणि 'लेडीज' म्हणतात, चपलांसारखं. घशाच्या दुखण्यानंतर ज्यांचा आवाज पुरुषी वजनाचा झाला त्या गंगूबाई हनगल यांना त्या दुकानदारानं कोणत्या फळीकडे पाठवलं असतं?)

मोबाइलच्या इवल्या स्पीकरमधून ६९ कंपनांचा स्वर बाहेर पडतच नाही. वरच्या उपस्वरांवरून आपला मेंदू तो खालचा स्वर ओळखून घेतो. हे मान्य, आणि कानाची ही करामत थोरच. पण ओळखणं वेगळं आणि भेटणं वेगळं. तंबोरा मांडीवर घेऊन बसणाऱ्याला विचारा. खर्ज छेडला की भोपळा मांडीला सांगतो, दांडी गालाला सांगते. नवशिक्याचा षड्ज तिथे बसतो.

इथे एक जाणकार मला अडवतील. म्हणतील, कारकूनसाहेब, तोर्रेसचं नाव ऐकलंय का? अंतोनियो दे तोर्रेस या स्पॅनिश कारागिरानं १८६२ साली एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू पुठ्ठ्याच्या. वरची लाकडी तबली चांगली असली की बस्स, बाकी काही महत्त्वाचं नाही, हे त्याला दाखवायचं होतं. मग तुमच्या भोपळ्याचं एवढं कौतुक कशाला?

मी म्हणतो, तोर्रेस माझ्या बाजूचा साक्षीदार आहे. त्यानं पुठ्ठा लावला, पण पोट काढून टाकलं नाही. उलट गिटारचं अंग मोठं करून आजच्या क्लासिकल गिटारची मापं बसवली ती त्यानंच. लाकूड बदललं तरी चालेल, आकार नाही, असाच त्याचा अर्थ निघतो. आणि आपल्याला हे स्पेनकडून शिकायची गरजसुद्धा नाही. आपलं घुमट घ्या. घोरपडीवर कायद्यानं बंदी आली, कातडं बकऱ्याचं आलं. त्यावर जुने लोक कुरकुरले, अजून कुरकुरतात, पण मडकं तेच राहिलं. एका तोंडावर कातडं, दुसरं तोंड उघडं, आणि डाव्या हातानं ते झाकत-उघडत घुमारा फिरवायचा. २०१९ मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. उद्या चवथीच्या आरतीला कोणी घुमटाचा इलेक्ट्रॉनिक डबा आणला तर वाड्यावरचे लोक त्याला डब्यासकट बाहेर काढतील.

तेव्हा मी काही भोपळ्याचा भक्त नव्हे. तंजावरी तंबोऱ्याला भोपळाच नसतो, फणसाचं लाकूड कोरून पोट करतात. तोही तंबोराच, फक्त त्याचा आवाज वेगळा, आटोपशीर. उद्या कोणी फायबरचं पोट करून त्यावर नीट तबली बसवली तर मी पहिला ऐकायला जाईन. पण पोट हवं. ती चपटी, पेटीसारखी 'तानपुरी' मिळते ना, खांद्याला लावून न्यायची, ती निदान खऱ्या तारांची असते. तिला मी प्रवासातली पार्लर गिटार म्हणेन, तक्रार करणार नाही. फक्त तिला ड्रेडनॉट म्हणू नका.

आणि हे सगळं हुबळीत व्हावं, याचं जास्त वाईट वाटतं. इथून कुंदगोळ वीसेक किलोमीटर. तिथे सवाई गंधर्व राहत, आणि गंगूबाई हुबळीहून रेल्वेनं तिथे शिकायला जात. भीमसेन तिथेच शिकले. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ. खाँसाहेबांनी १९१० मध्ये बेळगावात संगीत विद्यालय काढलं, पुढे मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर मिरजेच्या दर्ग्यातच त्यांना दफन केलं. हा माणूस वाद्यं स्वतः दुरुस्त करायचा, तंबोरा लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. नीट लागलेल्या खर्जातून गांधार आपोआप ऐकू येतो, त्याला स्वयंभू गांधार म्हणतात. किराण्याचं गाणं त्या गांधाराच्या आधारानं उभं राहिलं असं म्हटलं तर फार चुकणार नाही. बावीस श्रुती मोजायला बसलेले सांगलीचे कृ. ब. देवल खाँसाहेबांच्याच गळ्याची साक्ष काढत. हे देवल डेप्युटी कलेक्टर होते, म्हणजे शेवटी सरकारी खात्यातलेच. आमच्या जातीतला एक माणूस श्रुती मोजत होता, आणि आम्ही काय करतो ते आता सांगतो.

वाद्यखरेदीची एक फाइल काही वर्षांपूर्वी माझ्या टेबलावरून गेली. कुठल्या खात्याची ते सोडा. यादीत नववा आयटम होता 'तानपुरा, नग २'. गिटारपुढे आकार लिहिला होता, तबल्यापुढे इंच लिहिले होते, हार्मोनियमपुढे किती सप्तकं, सूर किती पदरी, सगळं. तानपुऱ्यापुढचा रकाना कोरा. साहजिकच तीन कोटेशनं आली, दोन मिरजेच्या तंबोऱ्यांची आणि एक डब्याचं. सगळ्यात कमी दर डब्याचा. नियमाप्रमाणे तौलनिक तक्ता मीच केला, सही मीच केली. रकाना कोरा असल्यामुळे डबासुद्धा 'तानपुरा' ठरला. कोणी पैसे खाल्ले नाहीत, कोणी नियम मोडला नाही. मुलं आता त्या डब्याबरोबर गातात. त्या दिवशी मी पेन खाली ठेवून एवढं विचारायला हवं होतं, की घेर किती, पट्टी कोणती, पोट कशाचं? विचारलं नाही. तेव्हा मलाही 'सेमच' वाटत होतं.

म्हणून हा लेख वाचणाऱ्यांत जे कोणी संस्थांच्या समित्यांवर आहेत, मुख्याध्यापक आहेत, देवळाचे महाजन आहेत, त्यांना माझं सांगणं. वाद्य मागवताना 'तानपुरा नग दोन' एवढंच लिहू नका. पुरुषाच्या पट्टीचा की बाईच्या ते लिहा. भोपळ्याचा घेर इंचांत लिहा. दांडी कोणत्या लाकडाची, जवारी कोण काढून देणार, हेही लिहा. डबा हवा असेल तर वेगळ्या आयटमखाली मागवा, 'इलेक्ट्रॉनिक तानपुरा' म्हणून. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पेपरात फोटो आले. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांनी ही कारागिरी उभी केली. मंगळवेढ्याकडचे शेतकरी तो कडू भोपळा पिकवतात, जपून वाळवतात, मग मिरजेत तो भिजवून, कापून, आतला गर काढून साफ होतो. या सगळ्यांचं पोट त्या एका रकान्यावर चालतं. मानांकनाचा कागद भिंतीवर लावून कोणाचा भोपळा खपत नाही.

वहिनींना मी यातलं काही सांगितलं नाही. त्यांना एवढंच म्हणालो, दिव्याचं मी बघतो, पणजीहून चांगला आणून देतो, पण हा मला द्या. अण्णा म्हणाला, "ने की मारुती... आपलं, घेऊन जा." (मारुती हे त्यांच्या सुताराचं नाव. घर आवरताना माणसाच्या डोक्यात कायकाय असतं.)

तर गोव्याला परतायच्या ऐवजी मिरजेला गेलो. लोंढा, बेळगाव करत गाडी गेली. वरच्या बर्थवर तंबोरा आडवा, खाली मी बसून. टी.सी.नं विचारलं, वर कोण? म्हटलं, मावशी. तो पुढे गेला.

मिरजेत दुकानाच्या कारागिरानं आधी तार छेडली नाही. भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, चिरेच्या अलीकडे एकदा, पलीकडे एकदा, आणि कान लावला. म्हणाला, भोपळा जिवंत आहे, चीर सांधता येईल, आतून पट्टी लावू. तबली थोडी बसलीय, ती उचलावी लागेल. जवारी नवी काढू. पावसाळा संपल्यावर या, आत्ता लाकूड ओलं पकडतं. पट्टी विचारली. मावशीची काळी चार, हे मला आठवत होतं.

अण्णाच्या पोराला फोन करून हे सांगितलं. तो गप्प होता. मग म्हणाला, "काका, आतून पट्टी लावली तर टोनवर परिणाम नाही होणार?" म्हटलं, ऑक्टोबरात ये मिरजेला, त्यांनाच विचार. येतो म्हणालाय. ओ.एम.चे पैसे अजून जमायचेत, त्यामुळे तिकीट माझ्याकडे.